सकाळी सही करतो

(हॉस्पिटलची खोली. दुपार. खाटेवर दादा, शेजारी स्टुलावर त्याची धाकटी बहीण.)

दादा : ...म्हणून सांगतो, पिशवी भर. घरी जाऊ.

धाकटी : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?

दादा : कुठले डॉक्टर? महिनाभर टायफॉइड टायफॉइड करणारे, की काल अचानक हृदयाची झडप खराब झाली म्हणणारे? अगं, मी लोकांना गाडी शिकवतो. कोणी डावीकडचा दिवा लावून उजवीकडे वळला, की मी चार शब्द सुनावतो. यांच्यापुढे मात्र नुसती मान डोलवायची!

धाकटी : तपासणीत दिसलं ना पण. झडपेवर जंतूंचा गोळा लोंबतोय.

दादा : मला त्या पडद्यावर नुसतं धुकं दिसलं.

धाकटी : मला दिसला. हलत होता. तू दाढ काढलीस तेव्हाच जंतू रक्तात शिरले असणार म्हणे.

दादा : छाती उघडणार, चिमे. हाड कापून. आणि ताप तर उतरलाय! हात लावून बघ.

धाकटी : ताप औषधानं उतरलाय. गोळा आहे तिथेच आहे. त्याचा तुकडा सुटला तर थेट मेंदूत जाईल, हे तुझ्यासमोरच सांगितलं त्यांनी.

दादा : सुटला तर! असल्या 'तर'ला भ्यायलो असतो, तर नवशिक्यांच्या शेजारी जन्म काढला नसता.

धाकटी : वहिनी असती तर तुझं काही चालू दिलं नसतं.

दादा : तिला मध्ये आणू नकोस. तिलाही असंच आत नेलं होतं. आली परत?

धाकटी : तिचं दुखणं वेगळं होतं, दादा.

दादा : दार हेच होतं.

धाकटी : ...मला तरी तुझ्याशिवाय कोण आहे रे? सही कर. संध्याकाळीच ऑपरेशनला घेतो म्हणालेत.

दादा : आता रडू नकोस. सकाळी करतो सही. एक रात्र विचार करू दे. आण तो कागद, वाचतो तरी. आणि माझी ती दे... ती. चप्पल.

धाकटी : खाली उतरायचं नाहीये तुला.

दादा : उतरतोय कोण? वाचायला हवी. डोळ्यांची चप्पल.

धाकटी : चष्मा? पुरे हं थट्टा.

दादा : तेच म्हणतोय. चप्पल. ती गाडी पाण्याला... नाही, पाणी... गाडी...

धाकटी : दादा? इकडे बघ. तोंड असं वाकडं का करतोयस? सिस्टर! सिस्टर, लवकर या!

नर्स : काय झालं? काका, दोन्ही हात वर करा. उजवा. काका, उजवापण उचला.

धाकटी : उचलत का नाहीये तो?

नर्स : कधीपासून असं बोलताहेत?

धाकटी : आत्ता. आत्तापर्यंत चांगला भांडत होता माझ्याशी.

नर्स : मी डॉक्टरांना बोलावते. आधी मेंदूचा स्कॅन होईल, मग ऑपरेशनचं ते ठरवतील. सही बहुतेक तुम्हालाच करावी लागेल, ताई.

धाकटी : पण त्याला ऑपरेशन नको होतं.

नर्स : आता त्यांना सांगता येणार नाही.

धाकटी : येईल. थांबा, मी विचारते. दादा, झडप बदलायची ना? करू सही?

दादा : हो.

धाकटी : ऐकलंत? हो म्हणाला! सगळं कळतंय त्याला. दादा, मी कोण?

दादा : हो.