न उचलायचा फोन

ताओ या चिनी तत्त्वज्ञानातलं ‘न करता करणं’ ॲप बनवणाऱ्या पूनमच्या मनात भरलं, आणि तिनं बसच्या ॲपमधली सगळी बटणं काढून टाकली. बस जवळ आली की नुसता मिसकॉल. तिचे साहेब हसले होते, “दाबायला काहीच नाही, तर वापरणार कोण?”

आज बोथ गावच्या थांब्यावर, झाडाखाली बसलेल्या बायांपैकी दोघींच्या मागं ती कान देऊन उभी होती.

“उठा ना मथुराबाई, बस येईन.”

“बसा वो कुसुमबाई. फोन कुठी वाजला अजून?”

“वाजल्यावर काय बोलाचं?”

“उचलाचाच नाई. एकदा वाजला का बस नाल्यावर आली, समजाचं.”

“म्हंजे तुमाले ॲप चालवता येते?”

“कायचं ॲप वो! मी तं काईच करत नाई.”

तेवढ्यात झाडाखालचे सगळे फोन एकेकदा वाजून गप्प झाले. एकीनंही उचलला नाही. साऱ्या बाया थैल्या घेऊन उठल्या, आणि वळणावर बस दिसली.