दोन पट्ट्या वर

(कुरिचिबा शहर. जूनमधला गुरुवार, दुपार. रेकॉर्डिंगच्या खोलीत तिघं: गायक टाडेउ, त्याची थोरली बहीण लेनिर आणि ध्वनिमुद्रक ओझिरिस.)

लेनिर: परत लाव. फक्त माइराचा तुकडा.

टाडेउ: चौथ्यांदा, ताई? आवडलं असेल तर सरळ आवडलं म्हण. गाणं यायच्या आदल्या दिवशी तुला ऐकवायचं हा आपला रिवाज आहे, परीक्षा घ्यायचा नाही.

लेनिर: शेवटच्या कडव्यात आवाज तिचाच आहे ना?

टाडेउ: मग काय शेजारणीचा? माझ्या चार वर्षांच्या पोरीचा आहे. कंपनीचे लोक त्या आवाजावरच फिदा झाले. म्हणाले, असा खर्ज एवढ्याशा मुलीकडून कधी ऐकला नाही. आणि गाणं कशावर, तर तुझ्या प्रथिनावर. तूच सांगितलं होतंस, पी-५३ म्हणजे पेशींचा पहारेकरी, चौघं हातात हात धरून उभे राहिले की पहारा लागतो. मी त्याचं धृपद केलं. जरा कौतुक कर.

लेनिर: धृपद छान आहे. ओझिरिस, एक सांगा. काल माइरा माझ्याशी फोनवर बोलली, तेव्हा तिचा आवाज याहून जाड होता. इथे बारीक कसा?

टाडेउ: थंडी पडलीय. पोरांचे घसे बसतात.

लेनिर: मी त्यांना विचारतेय.

ओझिरिस: डॉक्टरबाई, आता कसं सांगू...

लेनिर: मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत काम करते. सांगा.

ओझिरिस: पहिलं कडवं पोरीने मार्चमध्ये गायलं, कार्निव्हल झाल्यावर. मग शब्द बदलले, म्हणून शेवटचं मे महिन्यात परत घेतलं. ते दोन तुकडे शेजारी ठेवले तर जुळेनात. दुसरा खाली बसला होता. मग मी तो दोन पट्ट्या वर चढवला.

टाडेउ: मला न सांगता?

ओझिरिस: तुझाही चढवतो, राजा. तू कधी विचारलंस?

लेनिर: न चढवलेले आहेत तुमच्याकडे? आधी मार्चचा लावा, मग मेचा.

ओझिरिस: हा मार्चचा. हं... आणि हा मेचा.

टाडेउ: बंद कर. नाही, परत लाव. नको, बंदच कर.

लेनिर: ऐकलंस?

टाडेउ: पोरं मोठी होतात, ताई.

लेनिर: दोन महिन्यांत एवढी? तिच्या कपाळावर पुरळ आहे म्हणे.

टाडेउ: व्हिडिओच्या मेकअपने. सुएली तिला रोज साबणाने धुते.

लेनिर: मेकअप एप्रिलमध्ये लागला. आता जून आहे. सुएली आणखी काही बोलली?

टाडेउ: आंघोळ घालताना म्हणत होती, पायांवरचे केस दाट झालेत. मी म्हटलं, माझ्यावर गेलीय. हसलो दोघं नवरा-बायको. तू अशी बघू नकोस माझ्याकडे. तुला सगळीकडे कॅन्सरच दिसतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या जबड्याखाली गाठ आली, तू मला तपासण्यांना पळवलंस, मी सुएलीशी मृत्युपत्रापर्यंत बोललो. आणि निघालं काय? सडकी दाढ.

लेनिर: दाढच निघाली. आजही तसलंच काही निघू दे, मला जन्मभर चिडव.

टाडेउ: चिडवणारच आहे.

लेनिर: आपला भाऊ आठवतो तुला, आदेमिर?

टाडेउ: फोटोतला. तो गेला तेव्हा मी दीड वर्षाचा होतो.

लेनिर: फोटोला आवाज नसतो. एवढ्याशा आदेमिरचा आवाज मोठ्या माणसासारखा झाला होता. गल्लीत त्याला पाद्रीबुवा म्हणायचे. आई त्याला पाहुण्यांसमोर प्रार्थना म्हणायला लावायची आणि सगळी खोली हसून लोळायची. एकदा कुणीतरी त्याचं पोट दाबून पाहिलं. तोवर गाठ संत्र्याएवढी झाली होती.

टाडेउ: हे मला कुणीच सांगितलं नाही.

लेनिर: तो विषय निघाला की तू उठून जायचास. माइरा झाली तेव्हा मी म्हटलं होतं, बाळाच्या टाचेतलं रक्त घेतायत, त्यातच आपल्या घरातला दोष बघून घेऊ. तू म्हणालास, कळून काय करायचंय.

टाडेउ: म्हणालो होतो.

ओझिरिस: बाई, मला कळेल असं सांगा. गाठीचा आणि आवाजाचा संबंध काय?

लेनिर: मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी असते. आमच्या घरातल्या पहारेकऱ्याची चौकडी नीट जुळून राहत नाही, त्यामुळे लहानपणी त्या ग्रंथीत गाठ होऊ शकते. ती गाठ पुरुषांची संप्रेरकं रक्तात सोडते. मग आवाज उतरतो, पुरळ येतं, केस येतात. कारण वेगळंही असू शकेल. पण घसा बसल्याने पायांवर केस येत नाहीत.

टाडेउ: सोमवारी नेतो तिला. शपथ. संध्याकाळी साओ पाउलोचं विमान आहे, उद्या सकाळी टीव्हीवर दोघांनी गायचंय. करारात तिचं नाव आहे. नऊ वर्षं लग्नांत आणि हॉटेलांत गातोय मी, ताई. एवढं मोठं हे एकच गाणं आहे माझं.

लेनिर: माझं गाण्याशी भांडण नाही. तू जा, गा. तिला विमानात बसवू नकोस. आज दुपारी पोटाची सोनोग्राफी आणि रक्त, दोन्ही होईल. माझी हॉस्पिटलमधली मैत्रीण थांबलीय.

टाडेउ: थांबलीय? म्हणजे तू आधीच ठरवून आलीस?

लेनिर: काल माइराने फोन ठेवल्याबरोबर.

टाडेउ: मग इथे बसून चारदा गाणं कशाला ऐकलंस? काल रात्रीच सांगायचं.

लेनिर: माझ्या सांगण्यावर तू दाढेची गोष्ट काढली असतीस. स्वतःच्या कानांवर तुझा विश्वास आहे, म्हणून इथे आले.

टाडेउ: गाठ असली, तर तिचं आदेमिरसारखं...

लेनिर: तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. आता गाठ लहान असताना सापडली आणि न फुटता अख्खी काढली, तर बहुतेक पोरं शाळेत जातात, भांडतात, मोठी होतात. लहान असताना सापडली तर. म्हणून सोमवार नको.

टाडेउ: ओझिरिस, गाणं थांबव. कंपनीला फोन लाव, काहीही सांग.

ओझिरिस: कसं थांबवू, राजा? न्यूझीलंडात शुक्रवार लागलाय. तिकडे केव्हाचं सुरू झालंय.

टाडेउ: म्हणजे तिचा तो आवाज...

ओझिरिस: लोक ऐकतायत. एकाने लिहिलंय, या पोरीचा आवाज म्हणजे देवाची देणगी.

टाडेउ: मला वाचून दाखवू नकोस.

लेनिर: आधी सुएलीला फोन कर.

टाडेउ: सुएली, बॅग भरू नकोस. नाही, मी जातोय की नाही ते नंतर बघू. माइराला खायला दिलंस? मग आता काही देऊ नकोस. ताई येतेय गाडी घेऊन, मीही येतोय. तिच्या पोटाचा फोटो काढायचाय. नाही ग, रडू नकोस, ती बघेल. पायांवरचे केस म्हणालीस ना, त्यासाठीच. तुझं बरोबर होतं. मी हसायला नको होतं... ठेवला तिने.

ओझिरिस: तुम्ही निघा. टीव्हीवाल्यांशी मी बोलतो. एवढी वर्षं सगळ्यांचे सूर सावरले, एक दिवस खोटंही बोलेन.

टाडेउ: ताई, तिच्यात तो दोष निघाला तर तो सुएलीकडून नाही.

लेनिर: नाही.

टाडेउ: म्हणजे माझ्यात आहे.

लेनिर: हो.

टाडेउ: मग तुझ्या मैत्रिणीला कळव, रक्त दोघांचं घ्यायचंय. आधी माझं घे म्हणावं, माइरा बघत असताना.