बहिणीकडे गेलेली

बायको : थांबा जरा. पाय नाही दमले, श्वास अडकलाय.

नवरा : थांब, थांब. कठडा धर. घाई नाही. म्हणजे घाई आहे, अकराला येतील ते. पण तू घाई करू नकोस.

बायको : या वळणावरचं स्टूल कुठे गेलं?

नवरा : वर नेऊन ठेवलंय. तिन्ही नेली.

बायको : का हो?

नवरा : एजंट म्हणाला, प्रत्येक वळणावर स्टूल दिसलं की पार्टी विचारणार, इथे बसतं कोण? मग मी काय सांगू?

बायको : सांगायचं, जिनाच दमतो मधेमधे. त्याच्यासाठी ठेवलंय.

नवरा : कर, विनोद कर. सकाळपासून माझी नुसती पळापळ चाललीय. तुझ्या गोळ्यांचा डबा वॉशिंग मशीनच्या पोटात टाकला, बाथरूममध्ये तू धरतेस त्या दांडीवर टॉवेल पसरले, खाट दुमडून भिंतीला उभी केली. आणि या बाईसाहेबांना विनोद सुचतायत.

बायको : मशीन तेवढं लावू नका म्हणजे झालं.

नवरा : चल. आता खाली अठराच पायऱ्या उरल्या.

बायको : खाट काढली म्हणजे माझी खोली आज कशाची झाली?

नवरा : अभ्यासाची. खिडकीशी टेबल लावलंय. वर दोन पुस्तकं, एक पेन.

बायको : आणि मी?

नवरा : तू बहिणीकडे गेलीयस.

बायको : तिला जाऊन सहा वर्षं झाली.

नवरा : त्यांना कुठे माहीत आहे?

बायको : त्यांना नसेल. मला आहे ना. तिच्याकडे गेले म्हणता, तेव्हा मला आपलं कसंतरीच होतं.

नवरा : अगं, तसं नाही गं... मग काय सांगू? पहिल्या दोघांना खरं सांगितलं होतं ना? "बायको आजारी आहे, तिला जिने झेपत नाहीत, म्हणून विकतोय." काय झालं? एकीनं तुझ्या खोलीच्या दारातच नाकाला रुमाल लावला. दुसरा म्हणाला, घरात कुणी असं खाटेवर पडून असलं की घरच उदास होतं. मग आपल्या 'शंभर टक्के' एजंटनं माझी शाळा घेतली. तीस वर्षं मी पोरांची घेतली, त्यानं माझी घेतली.

बायको : काय मेला तुमचा तो शंभर टक्के! अकरा महिने ऐकतेय. "काकू, या आठवड्यात शंभर टक्के." एकाचं लोन अडकलं, एकाच्या मेव्हण्यानं मोडता घातला, एकाची बायको म्हणाली स्वयंपाकघरात कोंदट वाटतं. त्या दोघांनंतर चौदा पार्ट्या. चौदा वेळा उतरले, चौदा वेळा चढले. डायलिसिसला जाते ते वेगळंच. जिने झेपत नाहीत म्हणून घर विकायचं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी जिने उतरायचे.

नवरा : आज शेवटचं. हे दोघं दुसऱ्यांदा येतायत, मापं घ्यायला टेप घेऊन. टेप घेऊन येणारा माणूस घेतोच. आणि चारच दिवस उरलेत गं. हॉस्पिटलसमोरच्या घराचा मालक काल स्पष्टच बोलला, तीस तारखेपर्यंत पैशांसाठी थांबतो, मग दुसऱ्याला विकतो. तळमजला. दार उघडलं की रस्ता, रस्ता ओलांडला की हॉस्पिटल. अशी जागा परत मिळायची नाही.

बायको : माहीत आहे मला.

नवरा : मागच्या महिन्यात डायलिसिस दोनदा चुकवलंस. पायऱ्या बघून दारातनं परत फिरलीस. डॉक्टर काय म्हणाले, असंच चुकवलंत तर...

बायको : ऐकलंय मी. तिथेच होते, बहिणीकडे नव्हते.

नवरा : ही शेवटची. हां. आली. बस या बाकावर. पिशवीत पाणी आहे, शाल आहे. ते गेले की लगेच येतो खाली.

बायको : आणि कुणी विचारलं तर मी कोण?

नवरा : कुणी नाही विचारत. बाकावर म्हातारी बसलेली असली की लोकांना वाटतं, ती तिथलीच.

(तासाभरानं. एक बाई जिना उतरून येते आणि त्याच बाकापाशी थांबते.)

पाहुणी : बसू का इथे, मावशी?

बायको : बसा की. बाक काही माझ्या नावावर नाही.

पाहुणी : नवरा वर मापं घेतोय. कपाट इथे मावेल का, तिथे मावेल का. तो आणि ते काका, दोघं टेपची दोन टोकं धरून घरभर फिरतायत. मी म्हटलं, चालू द्या तुमचं. तुम्ही इथल्याच का?

बायको : एकोणतीस वर्षं.

पाहुणी : मग बरंच झालं! विकणारा काय, गोडच बोलणार. आम्ही तिसऱ्या मजल्यावरचं घर बघतोय. त्या काकांना ओळखता तुम्ही?

बायको : ओळखते.

पाहुणी : माणूस कसा आहे?

बायको : चांगला आहे. जरा घाबरट. खोटं बोलला की कान लाल होतात.

पाहुणी : अय्या, खरंच! मघाशी बायकोबद्दल विचारलं तेव्हा झाले होते. बहिणीकडे गेलीय म्हणाले. कुठल्या गावाला म्हणून विचारलं, तर खिडकी उघडायलाच धावले. भांडणबिंडण आहे का हो दोघांत?

बायको : तसं काही नाही. असलं तर रोजचं.

पाहुणी : आणि घर? पाणी, ओल, शेजारपाजार?

बायको : पाणी भरपूर आहे. शेजारी अडीअडचणीला धावून येणारे आहेत. बाथरूमच्या मागच्या भिंतीला पावसात ओल धरते, वरून रंग मारलाय, तेवढी हात लावून बघा. बाकी घराला नाव ठेवायला जागा नाही. आतल्या खोलीत ऊन फार छान येतं. साडेसातला पायाशी असतं, नऊला तोंडावर.

पाहुणी : तुम्हाला बरं एवढं ठाऊक!

बायको : जाणं-येणं आहे माझं.

पाहुणी : तीच खोली आईला द्यायचीय. माझ्या आईला. चार महिन्यांपूर्वी तिला झटका आला, डावी बाजू गेली. भाऊ म्हणाला, माझ्याकडे जागा नाही, तू ने. नेते म्हटलं. आत्ता ज्या घरात आहोत तिथे एकच खोली, त्यात आम्ही चौघं. आठ महिने घरं बघतोय, मावशी. तळमजल्याला हात लावायची सोय नाही, लिफ्टवाल्यांचं तर नावच नको. हे एवढं एकच बसतंय आमच्यात.

बायको : तीन जिने आहेत.

पाहुणी : तेच मी म्हटलं याला. तर हा म्हणतो, एकदाच तर चढवायचंय. चार माणसं लावू, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. मग काय, तिला कुठे उतरायचंय?

बायको : असं म्हणाले.

पाहुणी : खरंच आहे ना ते? कुठे जाणारे ती आता? वर ऊन आहे, हवा आहे. पडून राहील निवांत... मावशी? पाणी देऊ का?

बायको : उतरायचं असतं गं.

पाहुणी : काय म्हणालात?

बायको : तिला. उतरायचं असतं. कुठे जायचं नसतं, नुसतं खाली यायचं असतं. असं बसायचं असतं. वरून माणसांची डोकी दिसतात, चेहरे नाही दिसत. पहिले काही दिवस ती विचारेल, मला खाली नेता का म्हणून. मग नाही विचारणार. तुम्हाला वाटेल, रमली. रमलेली नसते. उचलणाऱ्याचं तोंड दिसतं ना तिला. तो काही बोलत नाही, पण वर पोचलं की भिंतीकडे वळून कंबर धरतो. ते दिसतं. मग आपणच म्हणायला लागतो, नको, आज मला कंटाळा आलाय. औषधाला जायचं असलं तरी तेच म्हणतो.

पाहुणी : तुम्हाला हे कसं...

बायको : चोपन्न पायऱ्या आहेत. दुसऱ्या जिन्यातली सातवी उंचीला जास्त आहे. खुर्ची तिथे सरळ उतरत नाही, तिरकी करावी लागते. तिरकी केली की माणूस ओरडतं.

पाहुणी : म्हणजे तुम्ही त्या काकांच्या...

बायको : हो. बहिणीकडे गेलेली.

पाहुणी : अरे देवा.

बायको : तुम्ही दोघं आणि पोरं एवढीच असता ना, तर मी चकार शब्द काढला नसता. रोज सकाळी देवापुढे बसते आणि दुसरं काही नाही, एवढंच मागते, हे घर जाऊ दे एकदाचं. अकरा महिने. आज देवानं तुला धाडलं, तर मीच...

पाहुणी : नसतं सांगितलंत तरी चाललं असतं, मावशी.

बायको : हो.

पाहुणी : मी खूश होते. वर चढताना मला कळत होतं सगळं, मोजत होते मी पण पायऱ्या. पण मी म्हटलं, नको विचार करायला. आता कसा नको करू? कुठे ठेवू मी तिला?

बायको : ते मला नाही माहीत, बाळा.

पाहुणी : हाक मारतोय तो. जाते मी.

* * *

नवरा : झालं! अगं, झालं एकदाचं! संध्याकाळी एजंटच्या ऑफिसात बसायचं म्हणाला गडी. कपाटाची जागासुद्धा पेन्सिलीनं आखली त्यानं भिंतीवर. मी म्हटलं, आखा, खुशाल आखा! थांब, आधी हॉस्पिटलसमोरच्या घरमालकाला फोन लावतो.

बायको : अहो, बसा आधी.

नवरा : बसतो कसला! चार दिवसांत सामान...

बायको : बसा ना. मी बोलले तिच्याशी.

नवरा : कुणाशी?

बायको : त्याच्या बायकोशी. इथे येऊन बसली होती.

नवरा : बरं. मग?

बायको : सांगितलं तिला. मी कोण ते. पायऱ्या कशा आहेत ते.

नवरा : का?

बायको : तिची आई आणणार होते वर. अर्धं अंग गेलेली. माझ्या खोलीत ठेवणार होते.

नवरा : मग ठेवू देत ना! त्यांची आई, त्यांचं ते बघतील! आपली कोण लागते ती? शाळेत तीस वर्षं एका पोराच्या वहीवर खोटा शेरा मारला नाही मी, आणि या वयात रोज उठून परक्या माणसांशी खोटं बोलतोय, ते कुणासाठी? तुला जगायचंय की नाही?

बायको : जगायचंय. फार जगायचंय मला. ओरडू नका.

नवरा : मग तोंड बंद नाही ठेवता आलं? अर्धा तास?

बायको : ठेवलं होतं. ती म्हणाली, आईला एकदाच चढवायचंय, तिला कुठे उतरायचंय. तिथे नाही राहवलं.

नवरा : चुलीत गेलं तुझं ते चांगुलपण.

बायको : चांगुलपण कसलं हो. तिला जागा राहिली नाही, आपल्याला राहिली नाही. मी कुणाचंच भलं केलेलं नाही. ते कळतंय मला.

नवरा : फोन वाजतोय बघ. शंभर टक्केचाच आहे.

बायको : घ्या.

नवरा : हॅलो. हो... हो, कळलं मला. नाही म्हणाले ना? कळलं... नाही, बहिणीकडे नाही गेली ती. इथेच आहे, माझ्या शेजारी बसलीय... ऐका, माझं ऐका जरा. महिनाभर कुठे पाठवू तिला? पाठवायला जागा असती तर घर कशाला काढलं असतं विकायला?... नाही. यापुढे ते नाही जमणार. पार्टी आणायची तर आणा, ती घरातच असेल. तिच्या खोलीत, तिच्या खाटेवर... मग नका आणू.

बायको : ठेवलात?

नवरा : त्यानं ठेवला.

बायको : आणि समोरच्या घराचं?

नवरा : संध्याकाळी कळवतो त्याला, देऊन टाका म्हणून. उगाच कशाला खोळंबा त्याचा.

बायको : रागावलायत?

नवरा : हो.

बायको : बरं.

नवरा : शाल घे. वारा सुटलाय.

बायको : जरा वेळ बसू या का?

नवरा : बस. मला तरी वर काय करायचंय. उद्या डायलिसिसला सातची वेळ दिलीय. उद्या नको-नको करायचं नाही.

बायको : नाही करत.

नवरा : सहाला निघू घरातनं.

बायको : साडेपाचला निघू. हल्ली जास्त वेळ लागतो मला.