वाटे करणाऱ्याने शेवटी उचलायचं

(नालासोपाऱ्याजवळच्या गास गावातली वडिलोपार्जित वाडी. जमिनीवर फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेघा. काशीराम, त्याच्या मधल्या भावाची विधवा कमळी, आणि मयत धाकट्या भावाचा मुलगा भूपेश.)

काशीराम : परत एकदा सांग रे तो शब्द. ऐकताना पोट भरल्यासारखं झालं.

भूपेश : समन्यायी वाटप, काका. म्हणजे इक्वल नाही, इक्विटेबल. ज्याची जशी गरज, तसा त्याचा हिस्सा.

काशीराम : आनि गरज ठरवली कोनी?

भूपेश : मी. स्टडी केला ना. किती रविवार घालवले यात.

कमळी : इथे तर आज आलास. फक्की मारायला.

भूपेश : काकी, सॅटेलाइटवरून सगळं दिसतं.

काशीराम : दिसनारच. तेवढ्या वरून कमळी दिसत नाही, हा त्याचा मोठा फायदा. बरं, आमच्या गरजा कळू दे आम्हाला.

भूपेश : रस्त्याकडचा तुकडा माझ्याकडे. तिकडे धूळ, ट्रॅफिक, हॉर्न. तो त्रास मी उचलतो. मधला, नारळांचा, तुमच्याकडे. तुमचं वय झालं, सावली हवी. आणि मागचं बावखल काकींना. विशेष लाभार्थी म्हणून.

कमळी : बावखल म्हनजे तळं.

भूपेश : जलसंपत्ती.

कमळी : त्यात मेथी कुठे पेरू?

भूपेश : काठ आहे की.

काशीराम : आहे ना. कमळे, तू काठावर बस, पाय संपत्तीत सोड, आनि मेथी मनात पेर.

कमळी : दादा, तुम्ही मस्करी करा. माझे वाफे रस्त्याकडे आहेत. मेथी, मुळा, अळू. रोज पहाटे नालासोपाऱ्याच्या बाजारात तेच घेऊन बसते. हे गेले की मी टोपलीत काय नेऊ? पानी?

भूपेश : काकी, इमोशनल होऊन रिसोर्सेसचा विनियोग होत नाही.

काशीराम : हे सगळं शिकतोस कुठे?

भूपेश : वालीवला, आमच्या कंपनीत. ट्रेनिंग होतं. आधी बोनसचं वाटप घेतलं उदाहरणाला.

काशीराम : मग मिळाला बोनस?

भूपेश : तरतूद झालीय.

कमळी : म्हनजे?

भूपेश : म्हणजे द्यायचा, असं तत्त्वतः ठरलंय.

कमळी : मिळाला नाही.

काशीराम : कमळे, असं उघडंवाघडं बोलू नये. शिकलेली मानसं बसलीत.

भूपेश : तुम्ही हसा. पण पुढे बावखलालाच खरी व्हॅल्यू येणार. म्हणून तर अटी घातल्यात. ज्याच्याकडे बावखल जाईल त्याने ते बुजवायचं नाही. दर उन्हाळ्यात गाळ स्वखर्चाने काढायचा. आणि बाकी दोन्ही तुकड्यांना आजवर चालत आलंय तसं वारावारी पाणी द्यायचं, मोटारीचं बिलसुद्धा त्यानेच भरायचं. एकदम शाश्वत.

काशीराम : म्हनजे तुझ्या धुळीला पानी कमळी पाजनार.

भूपेश : बांधकामाला पाणी लागतंच, काका.

काशीराम : बांधकाम. मघापासून त्रास त्रास म्हनत होतास, त्याचं नाव हे होय. काय बांधतोयस?

भूपेश : खाली गाळे, वर दोन मजले. ते सोडा. तिन्ही वाटे अगदी समान मोलाचे आहेत, एवढं लक्षात घ्या.

काशीराम : समान?

भूपेश : शंभर टक्के.

काशीराम : तुला यातला कुठलाही चालला असता?

भूपेश : कुठलाही. मी फक्त तुमची सोय बघितली.

काशीराम : पोरगा गुनाचा निघाला. बरं, मे महिन्यात बावखल आटलं की मासळीचे वाटे व्हायचे, ते आठवतं तुला?

भूपेश : लहान होतो मी.

कमळी : आठवतं त्याला. ज्या वाट्यात मोठी मरळ दिसेल, त्याच्यापुढे बसून रडायचा.

काशीराम : वाटे तुझा आजा करायचा. आनि वाटे करनारा शेवटी उचलायचा. त्यामुळे ते असे सारखे पडायचे, की मांजर मध्ये बसून विचार करायची.

भूपेश : काका, ते मासे होते. ही प्रॉपर्टी आहे.

काशीराम : मासा बरा. वाईट असला तर वास तरी येतो.

भूपेश : असलं काही कायद्यात बसत नाही.

काशीराम : मग राहू दे. मी सही करत नाही, आनि कमळीचा अंगठा मिळनार नाही.

कमळी : मी सही करते, दादा.

काशीराम : चुकलो. कमळीची सही मिळनार नाही.

कमळी : त्याचा फोन मघापासून थरथरतोय. कोनाला तरी शब्द देऊन बसलाय.

भूपेश : ठीक आहे. मी शेवटी उचलतो. प्रोसेस म्हणून मला मान्य आहे. काकी शहाण्या आहेत. अख्खा जन्म पाणी शेंदण्यात गेलाय, पाणी सोडून त्या कुठे जाणार?

काशीराम : कमळे, वाडी तू राखलीस. पहिली उचल तुझी.

कमळी : रस्त्याकडचा.

भूपेश : काकी, तिकडे धूळ आहे.

कमळी : सवय आहे मला.

भूपेश : हॉर्न वाजतात सारखे.

कमळी : वाजू देत. तेवढं गिऱ्हाईक दारात येईल.

काशीराम : आता मी. माझं वय झालंय, सावली हवी. हे मला आत्ताच कळलं. मी नारळ घेतो.

भूपेश : एक मिनिट. आपण हे रिव्ह्यू करू.

काशीराम : काय रिव्ह्यू करायचं? समान मोलाचे आहेत ना?

भूपेश : कागदावर समान आहेत. प्रॅक्टिकली तसं नसतं. आणि त्या अटी फक्त चर्चेसाठी होत्या.

काशीराम : असं कसं? एकदम शाश्वत होत्या. बुजवायचं नाही, गाळ तुझा, बिल तुझं. मी तर म्हनतो, पाटी लाव काठावर. विशेष लाभार्थी, श्रीयुत भूपेश. माशांना पन वाचता येईल अशी, मोठ्या अक्षरांत.

भूपेश : काका, मी त्या बिल्डरला काय सांगू? शब्द दिलाय.

काशीराम : सांग, तरतूद झालीय.

भूपेश : काकी, तुम्ही तरी काहीतरी बोला.

कमळी : गुरुवारी पानी माझ्या वाफ्यांना असतं. मोटार लवकर चालू कर. ऊन चढलं की मेथी मान टाकते.