सिल्लोडची ज्वारी

तुम्ही विचारता ना, आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर चालतं तरी काय, तर पाचोडच्या गंगूमावशींचं ऐका.

आम्ही गावोगावची जुनी ज्वारी गोळा करून तिची जनुकं तपासतो. मावशींनी दिलेलं बियाणं त्यांच्या माहेरचं होतं. ते गाव धरणात गेलं, माणसं पांगली, ती परत भेटलीच नाहीत. तपासणीत निघालं, की सिल्लोडच्या एका बाईंनी दिलेली ज्वारी अगदी तीच आहे. मी मावशींना फोन करून हे सांगितलं.

"नाव काय तिचं?"

"कलाबाई."

मावशींनी विचारलं, "गालावर तीळ हाय का तिच्या?"

"मावशी, मी ज्वारी बघत होतो. तोंडाकडं लक्ष नाय गेलं."

"माझी चुलतबहीण असंल ती. एका ताटात जेवायचो आम्ही."

मी लगेच सिल्लोडला फोन लावला. सून म्हणाली, तीळ होता, पण सासूबाई दिवाळीतच गेल्या. शेवटपर्यंत त्या याच ज्वारीच्या दोन ओळी तरी पेरायच्याच.

हे फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी पाचोडला गेलो. मावशींनी ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिची वंजळभर ज्वारी आणून दे मला."

"मावशी, तुमच्याजवळ हाय की. दोन्ही एकच हायेत, काही फरक नाय."

"व्हय, पण ती तिच्या हातची हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सिल्लोडची गाडी धरली.