दोन शेड उजळ

मी मूळची मिरजेची. अप्पांचा, माझ्या वडिलांचा, तिथे फोटो स्टुडिओ होता, आणि काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या मुलीचा फोटो आला की अप्पा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचे, म्हणजे छापताना चेहरा गोरा यायचा, आणि पुढे ती पेन्सिल माझ्याच हातात आली. सावळ्या पोरी गोऱ्या करायचा धंदा, दुसरं काय! माझाही फोटो मीच गोरा केला. नवरा मुलगा इथे लीड्सला हॉस्पिटलमध्ये नोकरीला, सासूबाईही त्याच्याकडे, सगळं फोटोवरच ठरलेलं. अंतरपाट खाली आला आणि सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, ही फोटोतली नव्हे. मला ऐकू येईल अशाच म्हणाल्या.

पण खोड जाते का हो? इथे मी प्रिंट शॉपमध्ये लागले, मोठमोठे प्रिंट काढायला, आणि आता गेल्या स्प्रिंगमध्ये अमा आली. आईवडील घानाचे, ही इथेच वाढलेली. तिनं आफ्रिकन घरांतल्या तरुण पोरापोरींचे फोटो काढलेले, मागे पिवळे, केशरी, जर्द गुलाबी पडदे, आणि नजर अशी की बघणाऱ्यानंच खाली बघावं. लायब्ररीत एक्झिबिशन होतं. पहिला फोटो तिच्या धाकट्या बहिणीचा, एफुआचा, डोक्याला निळं वस्त्र गुंडाळलेलं. आणि मी काय केलं? चेहरा दोन शेड उजळ केला. कुणी सांगितलं नव्हतं. वर फोन करून अमाला म्हटलं, फेस ब्राइट केलाय हं, आवडेल बघ तुला. शी!

अमा एफुआला घेऊनच आली. एफुआ त्या प्रिंटकडे बघतच राहिली, मग मला नाही, बहिणीला विचारलं, ही कोण?

सासूबाईच उभ्या राहिल्या हो माझ्यापुढे. अमा शांतपणे म्हणाली, आंटी, तिच्यात तुला काय खराब दिसलं? किळस आली मला, माझ्याच बोटांची. बाकीचे फोटो ती दुसरीकडे नेणार होती. मी म्हटलं, एकदा इथे बसा दोघी, तुमच्यासमोर काढते. चेहऱ्याला हात लावला नाही. प्रिंट बाहेर आला, मागच्या पिवळ्या पडद्यावर एफुआचा काळाभोर तुकतुकीत चेहरा, आणि एफुआ हसली, म्हणाली, हां, ही मी. मग सगळे प्रिंट मीच काढले.

एवढं झालं, आणि परवा भावाचा मिरजेहून व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्या मुलीचा, प्राजूचा फोटो, ताई, जरा उजळ करून दे, स्थळ आलंय. मी झापला त्याला, म्हटलं लाज वाटू दे, पोरगी आहे की भिंत, चुना फासायला? तासाभरानं प्राजूचाच मेसेज. शिकलेली, नोकरी करणारी पोरगी. आत्या, थोडं तरी कर ना गं.

हे शिकवलं कुणी तिला? आम्हीच.

नाही केला. आहे तसा मोठा प्रिंट काढला आणि पाठवून दिला. अजून उत्तर नाही आलं. रागावली असेल तर असू दे, पण अंतरपाट खाली येईल तेव्हा माझ्या प्राजूला कुणी तसं न म्हणो.