गौर नदीचा ब्लॉग आणि कुंदावहिनींची पेन्सिल

सभेचे अध्यक्ष आदरणीय बापूसाहेब, व्यासपीठावर संकोचून बसलेले सत्कारमूर्ती गुलाबराव आणि सौ. कुंदावहिनी, तसेच रांझी-रिछाईहून वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो, मी नीलकंठ आपणां सर्वांना नमस्कार करतो.

गुलाबराव फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि उद्या हे दोघे मुलीकडे, बंगळुरूला, कायमचे चालले आहेत. त्यांच्या नोकरीबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी बोलणार आहे ते त्यांच्या मासेमारीच्या ब्लॉगबद्दल. मी त्याचा संपादक. पगार नाही, पण कधीमधी रोहूचा तुकडा घरी येतो, त्यामुळे तक्रारही नाही.

हा ब्लॉग लिहिला कसा जातो, ठाऊक आहे? रविवारी पहाटे गुलाबराव गौर नदीवर गळ टाकून बसतात आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करून मला पाठवतात. तेही कुजबुजत, मासा बिचकू नये म्हणून. "नीलकंठजी, धुकं आहे. दोरा हलून राहिला." मग बराच वेळ काहीच नाही. नुसतं पाणी. मध्येच एखादा पक्षी. समोर माझा चहा निवत असतो आणि मला वाटत राहतं, नदी हळूच खोलीत आली आहे, खुर्चीचे पाय ओले झाले आहेत, आपणही त्या धुक्यात कुठेतरी बसलो आहोत. आता ही शांतता लेखात उतरवायची कशी? मी आपली मोकळी जागा सोडायचो. वाचक विचारायचे, "भैया, पेज लोड नहीं हो रहा क्या?"

माझ्यानंतर छापलेला कागद जातो कुंदावहिनींकडे, तपासायला. त्या शुद्धलेखन बघत नाहीत, मासा बघतात. तो शेवटी त्यांच्याच कढईत पडलेला असतो ना! गुलाबरावांचा "भलामोठा" त्या पेन्सिलीनं खोडतात आणि वर लिहितात, "दोघांना पुरला." आणि सुटलेला मासा? तो त्यांच्या लेखी नव्हताच. या धाकानं पुढे पुढे गुलाबरावच हातचं राखून सांगू लागले.

माझी पत्नी गेल्यापासून रविवारची सकाळ मला खायला उठायची. ती सकाळ या कुजबुजीनं सावरली. म्हणून गुलाबराव जेव्हा म्हणाले, "तिकडे काय लिहायचं? बंद करू," तेव्हा मी हसून मान डोलावली खरी, पण मला फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी ते शेवटचे नदीवर गेले. या खेपेला वहिनीही सोबत होत्या, प्रथमच. मी ऐकत होतो. पाणी, पाणी, आणि एकाएकी मोठा खळबळाट. वहिनींचा आवाज आला, "अहो, पाहून काय राहिले? ओढा ना!" मग पुन्हा शांत. मग गुलाबराव, "सुटला."

लेखासाठी त्यांनी सांगितलं, "बारीकसा होता, सुटला. आमचा ब्लॉग इथं संपला." मी तसंच टाइप केलं आणि कागद वहिनींना दिला.

काल तो परत आला. "बारीकसा" खोडलेलं. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, "खूप मोठा होता. मी पाहिला." आणि शेवटचं वाक्य तर पूर्णच काढून टाकलेलं. मी विचारलं, "वहिनी, हे काहून काढलं?"

त्या म्हणाल्या, "तिथं तळं नसन काय एखादं? हे बसतीन. मीबी बसीन आता. तुम्ही आपली मोकळी जागा सोडत जा."

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मंडळानं हा सोहळा घडवला, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. आणि गुलाबराव, रविवारी मी चहा करून फोनजवळ बसणार आहे.